डिस्कचा ठोका आणि नानीच्या ओव्या

इचलकरंजीत राहणाऱ्या माणसाला यंत्राचा आवाज आवाज वाटत नाही. पाहुणा पहिल्या रात्री झोपू शकत नाही आणि आम्हाला मात्र माग थांबले की जाग येते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांनी या धंद्याला आधार दिला आणि पुढच्या शंभर वर्षांत पंचगंगेकाठचं हे गाव 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. गावानं कापड किती विणलं याचा हिशेब पुष्कळांनी मांडला आहे. मला मात्र नेहमी वाटतं की या गावानं आणखी एक गोष्ट कमावली, ती म्हणजे ऐकण्याची सवय. शंभर माग एकदम चालू असले तरी त्यातला एक बिघडतोय हे इथल्या जॉबरला दारातूनच कळतं.

आमचे मामू असेच जॉबर. चाळीस वर्षं मागांची दुरुस्ती करून आता घरी बसले आहेत. कान थोडे गेले आहेत, जसे मागावर उमर काढलेल्या बहुतेकांचे जातात. पण यंत्राबाबत त्यांचा कान अजून शाबूत आहे. हे इतकं सांगायचं कारण, घरातल्या संगणकाची हार्ड डिस्क मरायला टेकली आहे हे आमच्या घरात पहिल्यांदा त्यांनी ओळखलं. मी पेशानं शिक्षक, पण नातेवाइकांच्या लेखी 'कॉम्प्युटरवाला'. त्यांचं निदान आकड्यांत पडताळून पाहण्याचं काम तेवढं माझ्याकडे आलं.

ही गोष्ट जुलै २०२२ ची. संगणक २०११ चा. मामूंच्या थोरल्या मुलानं घेतलेला. तो आता दम्मामला असतो आणि संगणक इथे वरच्या खोलीत. संगणक जुना आहे, फेकून द्या, असं कुणीही म्हणालं असतं. पण त्याच्या पोटात काय होतं ते आधी सांगायला हवं.

एक होती कागदांची फाइल. आमच्या नानांच्या शाळेतली नोंद, पणजोबांच्या नावाचा कोतवाल बुकातला मोडी उतारा, त्याचं मराठी लिप्यंतर आणि जुने दोन-तीन दाखले, हे सगळं स्कॅन करून ठेवलेलं. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. जुलाहा, मोमीन वगैरे विणकर जाती त्या यादीत आहेत, पण यादीत असणं वेगळं आणि आपण त्यातले आहोत हे कागदानं दाखवणं वेगळं. ज्यांच्या वाडवडलांनी दुसऱ्याच्या मागावर काम केलं, भाड्याच्या खोल्या बदलल्या, त्यांच्याकडे १९६७ च्या आधीचा कागद असणं हीच मोठी गोष्ट. मामूंची नात त्या वर्षी बारावी विज्ञान पास झाली होती आणि जात पडताळणीचं प्रकरण दाखल करायचं होतं.

दुसरी गोष्ट होती आवाज. १९९४ साली मामूंनी टू-इन-वनवर नानीच्या जात्यावरच्या ओव्या भरून घेतल्या होत्या. नव्वद मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू भरलेल्या. नानी शिरोळ तालुक्यातल्या गावची. घरात आम्ही आमची मुसलमानी बोली बोलतो, पण जात्यावर बसली की नानी मराठीतच गायची, कारण जातं तिला शेजारणींबरोबर मिळालं होतं आणि ओव्याही त्यांच्याबरोबरच. हे ऐकून कुणाला आश्चर्य वाटलं की मला त्यांचं आश्चर्य वाटतं. शाहीर अमर शेख बार्शीचे. त्यांच्याकडे लोकगीतं आली ती आईकडून. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मराठी बाईच्या मनाचा एवढा मोठा ठेवा दुसरीकडे नसेल. नानीपर्यंत तसं कुणी आलं नाही. मामूंचा टेपरेकॉर्डर तेवढा आला. जातं ओढायला समोर दुसरी बाई लागते. त्या दिवशी समोर माझी अम्मी बसली होती. त्यामुळे दुसऱ्या बाजूला मध्येमध्ये अम्मीचा आवाज आहे. नानी १९९८ मध्ये गेली, अम्मी २०२० मध्ये. अम्मीचा गातानाचा आवाज जगात एवढ्या एका ठिकाणी आहे.

ती कॅसेट २०११ मध्ये संगणकावर उतरवली, डीव्हीडीवर तिची प्रत काढली आणि कॅसेट, डीव्हीडी, मूळ कागद असं सगळं लोखंडी ट्रंकेत ठेवलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी नदीकाठच्या मळ्यांत शिरलं, तसं मामूंच्या घरातही शिरलं. ट्रंक चिखलातून काढली तेव्हा कॅसेटची फीत चिकटून गठ्ठा झाली होती, डीव्हीडीचे पापुद्रे निघत होते आणि कागदांचा लगदा झाला होता. वरच्या खोलीतला संगणक तेवढा वाचला.

तर त्या संगणकाला सुरू व्हायला आता पंधरा-पंधरा मिनिटं लागत होती. एखादं फोल्डर उघडलं की पडदा गोठायचा. मामूंच्या नातीनं गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं बघितलं आणि सांगितलं, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारून नवीन टाकतो." बहुतेक वेळा हा सल्ला चालूनही जातो. पण मामू म्हणाले, "थांब. आतलं काहीतरी ठोका चुकवतंय." आणि मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा मामू कॅबिनेटची बाजू उघडून बसले होते. हातात लांब पेचकस. त्याचं टोक डिस्कच्या चौकटीला लावलेलं आणि मूठ कानाला. मागाच्या बेअरिंगचा आवाज ऐकायची ही जुनी पद्धत आहे. पोलादातून आवाज थेट कानात येतो, बाजूचा गोंगाट येत नाही.

"मोटर चांगली आहे. एकसारखी फिरतीय," मामू म्हणाले. "पण मध्येच टक् करून मागं येतंय, परत जातंय, परत टक्. धोटा पेटीत नीट बसला नाही की कसं होतं, तसं."

हार्ड डिस्कच्या आत काय घडतं हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. संगणकातली नेहमीची डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. आमच्याकडचा साधा माग मिनिटाला शे-सव्वाशे धागे टाकतो. तो जेवढे ठोके मिनिटाला देतो, तेवढे फेरे ही तबकडी सेकंदाला घेते. तिच्यावरून एक बारीक हेड फिरतं. ते तबकडीला टेकत नाही. फिरण्यानं तयार झालेल्या हवेच्या थरावर तरंगतं आणि मधलं अंतर असतं काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. १९५६ साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि साठवण जेमतेम ५ एमबी. आज नानीच्या ओव्यांचं अर्धं मिनिटही त्यात मावलं नसतं. पण तबकडी फिरते आणि तिच्यावर हेड सरकतं, ही मूळ रचना तीच आहे.

माहिती छोट्या कप्प्यांत लिहिलेली असते. त्यांना सेक्टर म्हणतात. जुन्या डिस्कमध्ये सेक्टर ५१२ बाइटचा असे, नव्यात ४,०९६ बाइटचा. प्रत्येक सेक्टरमध्ये मजकुराबरोबर थोडी जास्तीची खूणही लिहिलेली असते, जिच्यावरून वाचताना झालेली लहान चूक डिस्क स्वतः दुरुस्त करते. चूक मोठी असेल तर हेड मागं येतं आणि पुन्हा वाचून बघतं, मग पुन्हा. मामूंना ऐकू आलेला टक् तो हाच. संगणक गोठत होता तोही याच कारणानं. विंडोज एका फाइलची वाट बघत होतं आणि डिस्क तोच सेक्टर पुन्हापुन्हा वाचायचा प्रयत्न करत होती.

तरी कानावर सगळं सोपवता येत नाही. असाच आवाज आणि अशीच मंदगती दुसऱ्या कारणांनीही येऊ शकते. म्हणून आधी ती एकेक बाजूला काढली.

पहिला संशय विजेवर. आमच्या गावात एका फिडरवर शेकडो मोटरी, त्या सुरू-बंद होताना दाब खाली-वर होतो. डिस्कला पुरेसा दाब मिळाला नाही तरी ती अडखळते. एसएमपीएसची तार मीटरवर बघितली. १२ व्होल्टच्या जागी ११.९ होते, ५ व्होल्टच्या जागी ५.०. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, त्यामुळे वीज निर्दोष.

दुसरा संशय उष्णतेवर. पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीत कापसाची मऊ करडी धूळ नमद्यासारखी बसली होती. शेजारी कारखाना असलेल्या प्रत्येक घरात ही बसते. ती काढली. डिस्कचं तापमान ४६ अंशांवरून ३९ वर आलं, पण टक् थांबलं नाही. ती धूळ डिस्कच्या आत गेली असेल का, असं नातीनं विचारलं. तसं सहसा होत नाही. डिस्क बंद डबी असते आणि हवेसाठी जे एक बारीक छिद्र असतं त्याला आतून गाळणी असते.

तिसरा संशय केबलवर. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधली पट्टी सैल झाली तरी गोठण्याचा त्रास होतो आणि ती दोन-चारशे रुपयांत बदलते. बदलून पाहिली. फरक नाही. चौथा संशय रॅमवर. तिची चाचणी एक पूर्ण फेरी चालवली. एकही चूक नाही.

मग डिस्कलाच विचारायचं ठरवलं. १९९० च्या दशकापासून जवळपास प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंदवही ठेवते. तिला 'स्मार्ट' म्हणतात. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्राम पुरतो. या वहीत दोन-तीन डझन रकाने असतात. ते सगळे बघायची गरज नसते. मी पाच बघतो.

नवव्या रकान्यात डिस्क एकूण किती तास चालली ते असतं. आमची १९,४१२ तास. म्हणजे वय झालेलं, पण वयानं कुणी मरतंच असं नाही. १९९ व्या रकान्यात केबलमधून येताना झालेल्या चुका असतात. तिथे ३ होता आणि केबल बदलल्यावरही तो ३ वरच राहिला. म्हणजे केबलचा दोष नव्हता हे पुन्हा पक्कं झालं. पाचव्या रकान्यात किती खराब सेक्टर डिस्कनं बाजूला काढून त्यांच्या जागी राखीव सेक्टर जोडले ते कळतं. कापड तपासताना दोष दिसला की रफू करून थान पुढे सरकवतात, तसंच हे. तिथे ६४. १९७ व्या रकान्यात जे सेक्टर वाचता येत नाहीत, पण ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही, असे अडकलेले. तिथे ३१२. १९८ व्या रकान्यात डिस्कनं स्वतः तपासूनही वाचता न आलेले. तेही तेवढेच.

पाच, १९७ आणि १९८ या तिघांत शून्य असणं चांगलं. लहान आकडा असून तो महिनोन्महिने तेवढाच राहिला तर डिस्क एखादवेळी तग धरते. आकडा वाढत असेल तर मात्र ती चालली. मी तासाभरानं पुन्हा पाहिलं. १९७ समोर ५२० झाले होते. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्येही गेल्या तीन आठवड्यांत सात क्रमांकाच्या नोंदींची रांग लागली होती. सात क्रमांक म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक आहे. मामूंचं निदान बरोबर होतं. मोटर चांगली, पण तबकडीचा एक भाग आणि बहुधा हेडसुद्धा थकलेलं.

गंमत अशी की याच नोंदवहीच्या वरती एकूण निकाल लिहिलेला असतो, आणि तो होता 'पास'. एकूण निकाल कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेवर लागतो आणि ती मर्यादा इतकी सैल असते की ती ओलांडेपर्यंत बहुतेक डिस्क मरून गेलेल्या असतात. २००७ मध्ये गुगलच्या तीन अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात आढळलं की तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतर पुढच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट होते. आणि त्याच अभ्यासात हेही होतं की मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चारही रकान्यांत आधी काहीच सांगितलं नव्हतं. थोडक्यात, नोंदवही घाबरवत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवावा. ती धीर देत असेल तर मात्र ठेवू नये.

आता प्रश्न होता पुढे काय करायचं नाही याचा. फॉरमॅट नाही, हे उघड होतं. डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्कची आज्ञाही नाही. हा सल्ला लोक फार सहज देतात. चेकडिस्क डिस्कभर फिरतं, खराब सेक्टर शोधतं, फाइलींची रचना दुरुस्त करण्यासाठी डिस्कवर लिहितं. निरोगी डिस्कवर ते ठीक. मरणाऱ्या डिस्कवर तिची उरलेली ताकद रचना सांधण्यात खर्च होते आणि आपल्याला हव्या असलेल्या फाइलीचे तुकडे नाव-पत्ता नसलेले होऊन बसतात. डिस्क फ्रीजमध्ये ठेवून गार करायचा एक उपाय सांगितला जातो. आमच्या जुलैच्या दमट हवेत गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं. आणि झाकण उघडून आत बघायचं तर अजिबात नाही. ज्या यंत्रात काही नॅनोमीटरचं अंतर आहे तिथे आमच्या गावच्या हवेतला एक तंतू म्हणजे डोंगर. डिस्क मुळीच सुरू होत नसती किंवा नुसती टकटक करत राहिली असती, तर तिथेच हात थांबवून मोठ्या शहरातल्या धूळमुक्त खोली असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवली असती. तिथला खर्च दहा-दहा हजारांत मोजायचा असतो.

आमची अजून वाचली जात होती. संगणक बंद केला. नवी एक टीबीची बाहेरची डिस्क आणली. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, म्हणजे जुन्या डिस्कवरचं विंडोज जागंच करायला नको, आणि जुनी डिस्क फक्त वाचण्यासाठी जोडली, म्हणजे तिच्यावर एक अक्षरही लिहिलं जाऊ नये.

आधी काय उचलायचं यावर घरात दोन मतं झाली. नातीचे वडील दम्मामहून फोनवर म्हणाले, आधी कागद. मामू म्हणाले, "कागद तहसीलमध्ये पुन्हा मिळतील. हेलपाटे पडतील, पैसे जातील, पण मिळतील. आवाज कुठल्या तहसीलमधून आणणार?" मी दोघांचं ऐकलं. कागदांचं फोल्डर जेमतेम १८० एमबीचं होतं. आधी ते घेतलं, मिनिटभरात उतरलं. मग कॅसेटची पहिली बाजू, ४७६ एमबी. तीही पूर्ण आली. दुसरी बाजू दोन तृतीयांशापर्यंत आली आणि अडकली. टक्. टक्. मामू पेचकस खाली ठेवून उभे राहिले.

तिथे मी हात आवरला. एकाच फाइलीवर जोर देत बसणं म्हणजे अडकलेला धोटा हातानं ओढणं. त्यातून फणीच तुटायची. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे आणि त्याची पद्धत शहाण्या माणसाची आहे. तो पहिल्या फेरीत सोपं ते सगळं उचलतो. अडलं की तिथे हटून न बसता उडी मारून पुढे जातो. काय मिळालं, काय राहिलं याची नोंद एका नकाशात ठेवतो. चांगला भाग हाती लागल्यावर मगच तो सोडलेल्या जागांकडे परत येतो आणि कडेकडेनं आत शिरत एकेक सेक्टर मागतो. मध्येच वीज गेली तरी नकाशा असल्यामुळे काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही. आणि वीज दोनदा गेलीच.

पहिली फेरी साडेपाच तास चालली. खालच्या खोलीत जेवणं झाली, इशाची अजान झाली, कारखान्यांची पाळी बदलली. दुसरी फेरी रात्रभर चालली. सकाळी ५०० जीबीपैकी वाचता न आलेलं उरलं होतं २.४ एमबी. त्यातलं काही विंडोजच्याच फाइलींत होतं, ज्याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. उरलेलं कॅसेटच्या दुसऱ्या बाजूत. अशा आवाजाच्या फाइलीत एका सेकंदाला सुमारे १ लाख ७६ हजार बाइट लागतात, म्हणजे ४,०९६ बाइटचे ४३ सेक्टर. आमचे चारशेच्या जवळपास गेले. हिशेब बसत होता. एकतिसाव्या मिनिटाला नऊ सेकंदं कोरी होती.

दुसऱ्या डिस्कवर प्रत काढून ठेवली आणि मगच ती फाइल लावली. आधी जात्याची घरघर, मग नानी, मग अम्मी. अम्मीनं ओवी उचलली आणि पहिल्या ओळीच्या मध्येच आवाज गेला. घरघरसुद्धा गेली. नऊ सेकंदांनी पुन्हा नानी, पुढच्या ओवीवर.

हे सगळं झाल्यावर मी एका गोष्टीचा विचार करत राहिलो. आपल्याकडे कुराण पाठ करणाऱ्या हाफिजाला रमजानच्या तरावीहमध्ये एकट्यावर सोडत नाहीत. मागं पहिल्या रांगेत दुसरा हाफिज उभा असतो, ज्याचं काम फक्त ऐकणं. पुढचा अडखळला की मागचा लुकमा देतो आणि पठण पुढे जातं. एका माणसाची स्मृती कितीही पक्की असली तरी ती एकटी ठेवायची नाही, हे त्यामागचं शहाणपण. संगणकाच्या दुनियेत यालाच एक नियम म्हणून सांगतात. हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावानं ओळखला जातो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. त्यातली शेवटची अट नदीकाठी राहणाऱ्यांनी नीट वाचावी. आमच्या ट्रंकेत कॅसेट, डीव्हीडी आणि कागद अशी तीन प्रकारची साधनं होती, पण पाणी एकच होतं. २००५, २०१९, २०२१ असा पूर ज्यांच्या उंबऱ्यात येऊन गेला आहे, त्यांच्या दोन प्रती एका छपराखाली असतील तर ती एकच प्रत समजावी.

आणि आपल्या घरांत काय काय आहे याचाही विचार करावा. जुन्या निकाहनाम्याचा फोटो, शाळा सोडल्याचा दाखला, मोडीतला उतारा, आजीचा आवाज. यातलं कुठल्याही पुराभिलेखागारात काही नाही. मराठी मुसलमानांच्या जगण्याचा इतिहास लिहायला उद्या कुणी बसलं, तर त्याला लागणारा निम्मा माल अशाच घरातल्या जुन्या डिस्कांमध्ये आणि फोनमध्ये पडून आहे. तो आवाज करायला लागेपर्यंत थांबू नये. महिन्यातून एकदा तो पाचवा आणि १९७ वा रकाना बघायला दोन मिनिटं लागतात.

नातीचं प्रकरण त्याच महिन्यात दाखल झालं. स्कॅनवरून नोंदीचं वर्ष आणि गाव कळलं, त्यामुळे तहसीलमध्ये नेमकं कुठलं बुक मागायचं ते सांगता आलं आणि नवा उतारा मिळाला.

बकरी ईद झाल्यावर शिरोळहून खाला आल्या. अम्मीची धाकटी बहीण. सत्तरी ओलांडली आहे. आम्ही त्यांना दुसरी बाजू ऐकवली. एकतिसाव्या मिनिटाला आवाज गेला आणि खालांनी, कुणी न सांगता, जिथे ओळ तुटली होती तिथून पुढे म्हणायला सुरुवात केली. डोळे मिटलेले, हात गुडघ्यावर गोल फिरत होता. मामू मध्येच म्हणाले, "आपा असं नव्हती म्हणत. शेवटचा शब्द वेगळा होता." खाला म्हणाल्या, "तू कधी जात्यावर बसला होतास?" वाद अजून मिटलेला नाही.

खालांनी म्हटलेली ओवी आम्ही वेगळी भरून घेतली आणि तिला वेगळं नाव दिलं. अम्मीची नऊ सेकंदं तशीच कोरी ठेवली. आता एक प्रत मामूंकडे आहे, एक माझ्याकडे आणि एक खालांकडे शिरोळला, त्यांच्या नातवाच्या लॅपटॉपवर. ठरलं असं आहे की दर ईदला सगळे जमतात तेव्हा तिन्ही प्रती लावून बघायच्या, दोन्ही बाजू, शेवटपर्यंत.